शाळेचा उंबरा आणि सदसद्विवेक



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवमंदिराच्या बांधणीचा, तसेच येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा, धर्मभगिनींचा व मास्तरांचा इतिहास इतर लेखकांनी भक्तिभावाने लिहिला आहे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष देवमंदिराशेजारच्या दुसऱ्या एका इमारतीकडे वेधू इच्छितो. ती इमारत म्हणजे शाळा. देवमंदिराच्या घंटेने ख्रिस्ती माणूस येतो; शाळेच्या घंटेने सारा गाव येतो. परधर्मीय आपल्याशी कसे वागले आणि आपण त्यांच्याशी कसे वागलो, याचा खरा हिशेब म्हणूनच शाळेच्या हजेरीपटात सापडतो.

लेवीय या पुस्तकात महोत्सवी वर्षाचे जे वर्णन आहे, ते केवळ आनंदोत्सवाचे नाही. त्या वर्षी दास मोकळे होत आणि गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाई. तेव्हा महोत्सव म्हणजे खातेवही उघडण्याचा समय होय. या विषयात आपले येणे किती व आपले देणे किती, हे दोन्ही रकाने प्रामाणिकपणे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. बंद असलेले दार

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले. जुनी माणसे त्यास अजून नुसते 'नगर' म्हणतात. ही भूमी धर्मांच्या भेटीगाठींची होय. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका लोकांच्या बोलीत सांगितली, आणि शेवटी दान मागितले ते एका पंथासाठी नव्हे, तर अवघ्या विश्वासाठी. श्रीगोंद्यास शेख महंमद हे मुसलमान कुळातील संत होऊन गेले. त्यांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत आहे. शिर्डीस साईबाबा १९१८ साली देह ठेवीपर्यंत एका जुन्या मशिदीत राहिले, आणि त्या मशिदीस लोक द्वारकामाई म्हणत आले आहेत.

अशा भूमीत मुलांच्या शाळेत भेदभाव कसा असू शकेल, असे कोणी विचारील. परंतु इतिहास असे सांगतो की, भजनास जे एकत्र जमले ते अक्षरास एकत्र जमले नाहीत. पंतोजींच्या शाळेत गावकुसाबाहेरच्या लेकरास जागा नव्हती, आणि मुलींस तर कोणत्याच कुसाच्या आत जागा नव्हती.

१८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी नगर येथे ठाणे केले. हे लोक प्रॉटेस्टंट होते. आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. तथापि सत्य सांगताना घर कोणाचे हे पाहू नये. त्यांनीच १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्यापैकी कुमारी सिंथिया फेरार या बाईंनी १८३९ पासून नगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ साली त्याच शहरी देह ठेवला. पुण्याचे जोतीराव फुले हे आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांजबरोबर नगरास आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या, आणि पुण्यास परतून १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही पुढे फेरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात धरावी, कारण पुढील सर्व विवेचनाचा सांधा तीच आहे. जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरास अमेरिकन मिशनच्या शाळा पाहून गेले, पाद्र्यांशी त्यांचा स्नेह राहिला. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा नेली. धर्म नेला नाही. म्हणून ती शाळा वाया गेली असे कोण म्हणेल? नगरात पेरलेल्या त्या बीजाचे झाड साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

सरकारी शाळांची दारे मात्र सहज उघडली नाहीत. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने असे ठरविले की, कोणत्याही धर्माच्या मंडळींनी चालविलेल्या शाळेस, ती लौकिक शिक्षण चांगले देत असेल तर, सरकारने अनुदान द्यावे व धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे. पुढे दोनच वर्षांत, १८५६ साली, मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो त्यास नाकारण्यात आला. इतर मुले शाळा सोडून जातील, अशी अधिकाऱ्यांस भीती वाटली. १८५८ साली असे जाहीर झाले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांस भेदभावाविना खुल्या असाव्यात. हुकूम निघाला, पण हुकुमाने ओसरीवरचे गोणपाट लगेच आत आले नाही. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या बालकास आपले गोणपाट घरून आणून वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागत नसे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, तेव्हा सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्यात, हे पुन्हा एकदा सांगावे लागले.

२. आपल्या मास्तरांची पडवी

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. १८७८ सालीच जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथून आपल्या जिल्ह्यातील कॅथोलिक कार्यास आरंभ केला. मागाहून वळण, राहाता, संगमनेर अशी ठाणी झाली. ज्यांस गावाने कुसाबाहेर ठेवले होते, त्याच समाजांतून बहुतेक श्रद्धावंत आले. आज ही स्मरणिका हाती घेणाऱ्या कित्येकांचे पणजोबा त्यांत असतील.

या ठाण्यांभोवती खेडोपाडी लहान लहान शाळा निघाल्या. एक खोली, एक फळा आणि एक मास्तर, एवढा त्यांचा थाट. मास्तर दिवसा बाराखडी शिकवीत, सायंकाळी प्रार्थना सांगत, रात्री कोणाचे पत्र वाचून दाखवीत, आणि आजाऱ्याचा निरोप धर्मगुरूंस पोहोचवीत. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी याच जिल्ह्यातून 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. ते वाचणारे डोळे या पडवीतच तयार झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंवर बंधने आली, डोरिंगस्वामी युरोपात अडकून पडले. त्या कठीण वर्षांत मास्तरांनी घंटा बंद पडू दिली नाही. ज्या लेकरास इतरत्र ओसरीही मिळत नव्हती, त्यास या पडवीत मधली जागा मिळाली. हे आपले भूषण होय, आणि ते सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु दुसरा रकानाही आहे. या शाळांत पाटी आणि प्रार्थना ही एकाच हाताने दिली गेली. मूल आले ते अक्षरासाठी. त्याच्या आईबापांचे मन धर्माविषयी काय आहे, हे विचारण्याची सवड नेहमीच ठेवली गेली, असे आम्हांस म्हणवत नाही. काही ठिकाणी एकाच गावात अमेरिकन मिशनची एक व आपली एक अशा दोन ख्रिस्ती शाळा शेजारी उभ्या राहिल्या, आणि एकाच प्रभूची लेकरे एकमेकांस चिडवीत घरी गेली. मास्तरांचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे रीत निर्दोष ठरतेच असे नाही.

३. भय दोन्हीकडचे

शाळेमार्फत मूल आपल्यापासून तुटेल, हे भय आईबापांस का वाटले, हे समजून घेतले पाहिजे. १८३९ साली मुंबईस डॉक्टर विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि पुष्कळ आईबापांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता; न्यायालयाने त्या अल्पवयी मुलास बापाच्या स्वाधीन केले. बापाच्या घरी परतल्यावरही त्यास पंक्तीत घेईनात, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली व त्यापायी कर्मठांचा रोष सोसला. एका लेकरासाठी दोन्ही बाजू भांडल्या. त्या लेकरास स्वतःस काय वाटत होते, हे विचारणारे थोडेच निघाले.

पंडिता रमाबाईंची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले व १८९० साली ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे आश्वासन होते, म्हणून न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ तिचे सल्लागार झाले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार लावून घेत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलाविले नाही. सल्लागारांचे म्हणणे असे की, आश्रयास आलेल्या मुलीस पालनकर्तीचे उघडे दार हेच बोलावणे असते. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाईंच्या भक्तीस आम्ही शतशः वंदन करतो. परंतु सल्लागारांच्या म्हणण्यातही एक सत्य आहे, आणि शाळा चालविणाऱ्याने ते विसरू नये. ज्याच्या हाती अन्न, छत्र व विद्या आहे, त्याचे मौनही मुलाच्या मनावर भार घालते.

भय केवळ परधर्मीयांसच होते असे मात्र नव्हे; आपणही भीत होतो. १९१७ च्या धर्मसंहितेतील १३७४ व्या नियमाने कॅथोलिक मुलांस बिगरकॅथोलिक, तटस्थ किंवा मिश्र शाळांत जाण्यास मनाई केली होती. क्वचित मोकळीक द्यावयाची ती महागुरुस्वामींनी. हिंदू बापास मिशनच्या शाळेचे जे भय, तेच ख्रिस्ती बापास इतर शाळांचे. तेव्हा दुसऱ्याच्या भयास अडाणीपणा म्हणून हसण्याचा अधिकार आपणांस नाही.

एकत्र बसण्याचे प्रयोगही याच काळात होत होते. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवीत. आपल्या जिल्ह्यात अरणगाव येथे मेहेरबाबांच्या आश्रमाने १९२५ साली जी शाळा काढली, तीतही सर्व जातींची मुले घेतली जात. आपल्या श्रद्धेहून भिन्न श्रद्धेच्या लोकांनी केलेले चांगले काम सांगताना आपली श्रद्धा उणी होत नाही. प्रभूने रोमी शताधिपतीच्या विश्वासाची वाखाणणी केली, ती असाच हिशेब न ठेवता केली.

४. किल्ल्यातील बंदिवान व संविधानाची कलमे

१९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होऊन आले. त्यांत मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव आदी मंडळी होती. नेहरूंनी तेथे भारताच्या शोधाविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे लिहिली. धर्माने व मताने भिन्न असलेले हे बंदिवान जवळजवळ तीन वर्षे एका कोटात राहिले. पुढे हेच मौलाना स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाने शाळेच्या उंबऱ्यावर जणू दोन दिवे लावले. एकोणतिसाव्या कलमाने सांगितले की, शासनाच्या किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही. अठ्ठाविसाव्या कलमाने सांगितले की, पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. आणि शासनमान्य किंवा साहाय्यप्राप्त शाळेतील कोणासही स्वतःच्या, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येणार नाही. पहिला दिवा म्हणतो, कोणासही बाहेर ठेवू नका. दुसरा म्हणतो, आत आलेल्यावर जबरी करू नका. या दोहोंच्या सोबतीस तिसावे कलम आहे. त्याने आपल्यासारख्या अल्पसंख्याकांस स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. संविधान सभेत मंगळूरचे येशूसंघीय फादर जेरोम डिसूझा हे सदस्य होते, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु तिसावे कलम पाठ करणाऱ्याने अठ्ठाविसावे विसरू नये; दोन्ही एकाच पानावरची आहेत.

न्यायालयांनी हे दिवे विझू दिले नाहीत. केरळातील यहोवाचे साक्षी या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांस शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घेण्यास सांगितले. २००२ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले की, एखाद्या धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि सर्व धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. दुसऱ्यास संविधानाची आडकाठी नाही. या भेदाचे महत्त्व फार आहे. शाळेत भेदभाव टाळावयाचा म्हणजे धर्माचा उच्चारच करू नये, असे नव्हे. जे मूल शेजाऱ्याच्या सणाचा अर्थ जाणत नाही, ते त्या सणास भिण्यास किंवा हसण्यास लवकर शिकते.

ख्रिस्तसभेनेही आपली वाट उजळून घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात, त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे शिकविले. आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हे मनुष्याच्या प्रतिष्ठेवर आधारून सांगितले. २०२४ साली भारतातील कॅथोलिक महागुरुस्वामींच्या परिषदेच्या शिक्षण विभागाने कॅथोलिक शाळांस सूचना दिल्या, त्यांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या सभेत संविधानाची प्रास्ताविका म्हणावी, आणि शक्य तेथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली असावी, असे म्हटले आहे. सेमिनरीत आम्ही जे वाचले, ते आता शाळेच्या घंटेपर्यंत येऊन पोहोचले आहे.

५. आमचे येणे, आमचे देणे

आता हिशेब. येण्याच्या बाजूस बरेच काही आहे, आणि ते नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती केवळ हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती व मुसलमान राहिले. एकाच वस्तीतील, एकाच कुळातील दोन भावांची लेकरे एका बाकावर बसतात, आणि एकास ती शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्यास केवळ धर्मामुळे मिळत नाही. गावकुसाने मात्र दोघांस सारखेच बाहेर ठेवले होते. २०२२ साली केंद्र शासनाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. न्याय मागणे हा द्वेष नव्हे.

लहानसे येणे आमचे स्वतःचेही आहे. आम्ही एका शाळेत चौथ्या इयत्तेत असता हजेरी घेणारे गुरुजी आमच्या नावाशी येऊन थांबत व म्हणत, "हे विलायती पाहुणे आले का?" सारा वर्ग हसे. गुरुजी दुष्ट नव्हते; गणिताची गोडी त्यांनीच लावली. पण एके दिवशी घरी येऊन आम्ही आईस म्हणालो, "आई, माझं नाव बदल ना." आईने डोक्यावरून हात फिरविला व ती गप्प राहिली. ते गप्प राहणे आम्ही अजून विसरलो नाही.

आता देणे. आम्ही नवे धर्मगुरू असता एका वसतिगृहाची व्यवस्था आमच्याकडे होती. सायंकाळी जपमाळेस सर्व मुलांनी बसावे, असा जुना नेम होता. आम्हीही तो कधी तपासून पाहिला नाही. एका धनगर मुलाची आजी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यास पोहोचवावयास आली. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "फादर, पोरगं तुमची माळ म्हणतंय, म्हणू द्या, देवाचंच नाव हाये ते. पण सुट्टीत घरी आलं तर बिरोबाच्या देवळात पाऊल टाकंना. म्हणतंय, त्यो खोटा देव. फादर, त्याला शिकाया धाडलं व्हतं, आमची लाज वाटाया न्हाई."

"आजी, आम्ही त्यास असे कधी सांगितले नाही," असे आम्ही म्हणालो. ते खरेही होते. कोणा मोठ्या मुलाने ते त्यास सांगितले होते. पण आजीने आमच्याकडे पाहिले आणि आम्हांस रमाबाईंचे उघडे दार आठवले. ज्या लेकराने आईस 'नाव बदल' म्हटले होते, तेच मोठे होऊन दुसऱ्या लेकरास आजीची लाज शिकवीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांस सांगितले की, जपमाळेच्या वेळी ज्यांस अभ्यासाच्या खोलीत बसावयाचे असेल त्यांनी खुशाल बसावे. पहिल्या दिवशी तो मुलगा उठला नाही. ही आपली परीक्षा आहे, असे त्यास वाटले असावे. आठवड्याने उठला. मग आम्ही पालकांस बोलावून प्रत्येकाची संमती विचारली व ती मराठीत लिहून घेतली. अठ्ठाविसावे कलम आम्ही सेमिनरीत वाचले होते. ते समजले मात्र त्या आजीमुळे. पुढल्या जत्रेहून परतताना त्या मुलाने आजीने दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा आमच्या टेबलावर आणून ठेवल्या.

६. महोत्सवी वर्षाचे कर्तव्य

वाचकहो, इतिहास वाचून झाल्यावर हातांनी काय करावे, हे ठरले नाही तर तो इतिहास फुकट जातो. म्हणून थोडे सुचवितो.

आपल्या शाळेत प्रवेशाच्या वेळीच धर्मशिक्षण व उपासना यांविषयी पालकांची संमती त्यांच्या भाषेत विचारावी, आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या मुलाकडे वर्षभर कोणीही वाकड्या नजरेने पाहू नये. नीतिशिक्षणाच्या तासास वेगवेगळ्या धर्मांची माहिती त्या त्या धर्माच्या जाणत्या माणसाकडून द्यावी. मौलवीसाहेबांनी रमजान सांगावा, वारकरी बुवांनी पंढरीची वारी, बौद्ध उपासकांनी त्रिशरण, आणि आपल्या मास्तरांनी नाताळ. एकाने दुसऱ्याचा धर्म आपल्या शब्दांत सांगू लागले की, त्यात नकळत थट्टा शिरते. कोणत्याही मुलाच्या नावास, टिळ्यास, टोपीस, क्रुसास वा डब्यास कोणी हसले, तर शिक्षकाने ते पाढा चुकण्याहून मोठी चूक समजावी.

आपली मुले इतरांच्या शाळांत जातात, तेथेही पालकांनी भांडण न करता, पण न घाबरता, मुख्याध्यापकांस भेटावे. श्रद्धेविरुद्ध काही करावे लागत असल्यास आपली अडचण शांतपणे सांगावी; कायदा आपल्या बाजूस आहे, आणि बहुतेक शिक्षकांचे मन त्याहूनही अधिक आपल्या बाजूस असते, असा आमचा अनुभव आहे. सर्वांत कठीण काम मात्र घरी आहे. जेवताना शेजाऱ्याच्या देवाविषयी आपण जे बोलतो, तेच आपले लेकरू दुसऱ्या दिवशी वर्गात बोलते.

काही श्रद्धावंत आम्हांस विचारतात, "फादर, असे केल्यास आपली साक्ष फिकी नाही का पडणार?" आमचे उत्तर असे. जोतीरावांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात, जो १८९१ साली त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला, अशा एका कुटुंबाची कल्पना केली की ज्यात आई, बाप, मुलगी व मुलगा यांनी आपापल्या मनाप्रमाणे निरनिराळे धर्म स्वीकारावेत, आणि तरीही एका घरात प्रेमाने राहावे. त्यांच्या त्या घरात ख्रिस्ती माणसासही जागा आहे. नगरच्या मिशन शाळा पाहून गेलेल्या, पण ख्रिस्ती न झालेल्या माणसाने ती जागा ठेविली. त्या शाळांनी जबरीने त्यास आपल्याकडे ओढले असते, तर त्याच्या घरात आपणांस जागा मिळाली असती का? मोकळ्या हाताने दिलेली विद्या हीच प्रभूच्या प्रीतीची साक्ष होय. बीज कोठे व केव्हा रुजवावे, हे त्याच्या हाती आहे.

तेव्हा या महोत्सवी वर्षी आपल्या शाळेचा उंबरा आपण पुन्हा एकदा धुऊन घेऊ या. त्यावरून येणारे कोणतेही लेकरू बाहेर राहू नये, आणि आत आलेले कोणतेही लेकरू घरी जाताना आपल्या आजीची लाज घेऊन जाऊ नये. एवढे साधले तर आपले येणे मागण्यास आपण मान ताठ ठेवून उभे राहू. प्रभू येशू ख्रिस्त आपणांस हे देणे फेडण्याची बुद्धी देवो, आणि पवित्र मरिया, जी स्वतः एका लेकराची आई होती, ती सर्व धर्मांच्या लेकरांवर आपले वस्त्र पसरो, हीच प्रार्थना.